उल्कावीरानं हात सोडला

फुलचूर, गोंदिया
१७ नोव्हेंबर २०२५

भुपेंद्र,

शुक्रवारपासून तुझा फोन बंद आहे. मेसेज जातात, पण तुला पोचत नाहीत. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत बसून हे लिहिते आहे आणि लगेच स्पीड पोस्टानं टाकते आहे. तुमच्या कंपनीच्या ऑफिसवर लोकांनी दगड मारले असं टीव्हीवर सांगत होते. तू बरा आहेस ना? बाकी काही लिहू नकोस, पण एवढं आधी कळव.

काल आम्ही तुझा ‘उल्कावीर : अंधेरा’ पाहिला. मी, तिलक, आमची दुर्गेश्वरी आणि बाबा. कामठ्याहून दोन ऑटो भरून माणसं आली होती. धानाची कापणी सोडून आली बरं, आपल्या गावच्या पोरानं लिहिलेला सिनेमा म्हणून. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पडद्यावर ‘लेखक : भुपेंद्र रहांगडाले’ आलं तेव्हा पानठेल्यावाल्या गुड्डूनं अशी शिट्टी मारली की पुढचे लोक मागे वळून पाहू लागले. बाबा हसले नाहीत, पण ताठ बसले.

हॉलमध्ये निम्मी मुलंच होती. पहिल्या भागात उल्कावीर पुलावरून पडणारी आगगाडी दोन हातांवर झेलतो, ते पाहून वेडी झालेली मुलं. कितीतरी जणांनी पाठीला निळं कापड बांधलं होतं. दुर्गेश्वरीनंही.

आणि मग ते धरणाचं दृश्य आलं. पाण्यात त्याची शक्ती संपते, ती छोटी मुलगी त्याच्या मनगटाला धरून लटकते, आणि तो तिची बोटं एकेक करून सोडवतो. आम्हाला वाटलं, आता काहीतरी होईल, तो परत खाली झेपावेल. तो एकटाच उडून गेला. पडदा काळा.

भुपेंद्र, दिवे लागले तरी कोणी उठेना. पुढच्या रांगेतल्या बाईनं तोंडावर पदर धरला होता. मग एक लहान मूल रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरं. मागून एक माणूस ओरडला, “अरे, बच्चों को क्या दिखा रहे हो?” त्यालाही कोणी साथ दिली नाही. सगळे बाहेर पडले. दुर्गेश्वरीनं निळं कापड सोडलं आणि खुर्चीवरच टाकून दिलं. बाबांना म्हणाली, “आजोबा, त्यानं हात काऊन सोडला?”

बाबा म्हणाले, “चला, धान उघड्यावर आहे.” चहासुद्धा न घेता गेले.

आता मला जे विचारायचं आहे ते विचारते. त्या मुलीचा पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, हातातलं चांदीचं कडं. ती रिंकी आहे. सहा वर्षांची आपली रिंकी तू पडद्यावर आणलीस, न विचारता. तेही मी सोसलं असतं. पण नवेगाव बांधच्या तलावात नाव उलटली तेव्हा रिंकी बाबांच्या हातून सुटली होती. पंचवीस वर्षं झाली, सगळ्यांना माहीत आहे, सुटली. तुझा उल्कावीर तर सोडतो. हे तू कुठून आणलंस?

मंजूताई


मुंबई
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

मी बरा आहे. फोन मीच बंद ठेवला आहे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन हजारांवर शिव्या आल्या होत्या. एका बापानं आपल्या रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे तू केलंस.’ उल्कावीराचं काम करणारा नट तर आजारी असल्याचं सांगून घरात बसला आहे. दिग्दर्शक मात्र खूश आहे, कारण समीक्षकांनी डोक्यावर घेतलंय. एका इंग्रजी पेपरनं पाचपैकी साडेचार तारे दिले. ‘आपल्याकडच्या नायकाला पहिल्यांदाच माणसाची भीती मिळाली,’ असं दुसऱ्यानं लिहिलं. म्हणजे बघ, पेपरात फुलं आणि रस्त्यावर दगड. मला दोन्हींची सवय नाही.

एक मराठी समीक्षा मात्र मला फार लागली. त्या बाईंनी लिहिलं, ‘धरणाच्या दृश्यात क्रौर्य आहे, दुःख नाही. लेखकानं असं काही फार लांबून पाहिलं असावं.’

लांबून! ताई, मी दोन हातांवर होतो.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही. त्या दिवशी रिंकी सुटली नाही. मी नऊ वर्षांचा होतो, नाकातोंडात पाणी जात होतं, पण मी डोळे उघडे ठेवले होते. बाबांचा तो मोठा हात मी पाहिला. रिंकीची बोटं घट्ट आवळलेली होती आणि बाबा ती उलगडत होते. आधी अंगठा, मग बाकीची. नंतर काठावर सगळे जमले आणि बाबा म्हणाले, “सुटली माह्या हातून.” मी ऐकलं आणि गप्प बसलो. त्या दिवसापासून बाबांच्या ताटाशेजारी बसून मला कधी नीट जेवण गेलं नाही. मुंबईला पळून येण्याचं कारण सिनेमा नव्हता, ताई. ते होतं.

आता माझा राग राहिलेला नाही. जीव वाचवायला माणूस काहीही करतो, हे मी समजून घेतलंय. म्हणून तर ते लिहू शकलो. बाबांना मी माफ केलं आहे.

ती समीक्षा वाचली त्याच दिवशी एका वाहिनीवर माझी मुलाखत होती. मी भडकलेलो होतो. बोलून गेलो की हे दृश्य माझ्या घरातलं आहे आणि ज्यानं हात सोडला तो माणूस आजही जिवंत आहे. नाव घेतलं नाही. बाबांपर्यंत ते जाणार नाही असं वाटतं. तू काही सांगू नकोस.

भुपेंद्र


फुलचूर
२८ नोव्हेंबर २०२५

भुपेंद्र,

जाणार नाही असं वाटतं? तुझं पत्र मला मिळण्याआधी तुझी मुलाखत कामठ्यात पोचली होती. गुड्डूच्या पानठेल्यावर ती दिवसभर वाजत होती. तू नाव घेतलं नाहीस, पण आपल्या घरी दुसरं कोण बुडालं?

मी रविवारी बाबांकडे गेले. ओसरीवर केशोरावकाका बसले होते, आणखी चार-सहा जण होते. बाबांच्या चुलतभावाला आजवर मी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “सुकराम, पोरगा टीव्हीवर बोलून राहिला ते खोटं हाये, असं तू एकदा सांग. मी गावाचं तोंड बंद करतो.”

बाबा सुपातलं धान निवडत होते. निवडता निवडताच म्हणाले, “खोटं काऊन सांगू? मीच सोडवलो तिचे बोटं.”

मला आधी कळलंच नाही. काका म्हणाले, “काय म्हनतेस?”

“मीच सोडवलो.”

“कायले?”

“ते माह्याजवळ राहू दे.”

काका चप्पल घालायचे विसरून तसेच अनवाणी निघून गेले. बाकीचेही उठले. मी उभीच होते. तोंडातून काय निघेल याची मलाच भीती वाटत होती. शेवटी निघालंच. मी म्हणाले, “बाबा, आई आठ वर्षांपूर्वी गेली. तिला ठाऊक होतं?” त्यांनी मान हलवली. हो की नाही, तेही कळलं नाही. मी म्हणाले, “माझ्या घरी येऊ नका. दुर्गेश्वरीला तुमच्याजवळ पाठवायची आता मला हिंमत होत नाही.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं, दुर्गेश्वरीसाठी आणलेले मुरमुऱ्याचे लाडू कागदात बांधून माझ्या हातात दिले. मी घेतले नाहीत.

तू खरं बोललास. पंचवीस वर्षं तू एकट्यानं हे वागवलंस आणि मी तुला बोल लावला. माफ कर. पण मला रडूसुद्धा येत नाही रे. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो. मुलं म्हणतात, “बाई, पुढचं.”

मंजूताई


मुंबई
३ डिसेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. ते कबूल करतील असं मला कधीच वाटलं नव्हतं. माझ्या मनात मी त्यांच्याशी हजार वेळा भांडलो आहे आणि दर वेळी ते नाही म्हणाले आहेत. आता ते हो म्हणाले, तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नाही. जेवताना घास तोंडात फिरतो.

आणि ‘ते माह्याजवळ राहू दे’ म्हणजे काय? त्यांच्याजवळ राहण्यासारखं आता आणखी काय उरलंय?

सिनेमा उतरायला लागलाय. समीक्षक म्हणतात, प्रेक्षकांची लायकी नाही. प्रेक्षक म्हणतात, समीक्षकांना लेकरं नाहीत. तेरा तारखेला इथल्या एका फिल्म क्लबात खास खेळ आहे, नंतर माझ्याशी चर्चा. ते आटोपलं की गावी येतो.

भुपेंद्र


फुलचूर
९ डिसेंबर २०२५

भुपेंद्र,

हे पत्र बसून वाच. मी तीनदा फाडून पुन्हा लिहिते आहे. फोनवर मला हे बोलता येणार नाही, आणि तू चर्चेला उभा राहण्याआधी ते तुझ्या हातात पडावं अशी माझी इच्छा आहे.

नवेगाव बांधहून लीलाधरकाकांचा निरोप आला होता. ते मासेमार ढीवर, ज्यांची ती नाव होती. आता फार थकलेत, तलावावर जात नाहीत. त्यांच्या सुनेनं मोबाइलवर तुझी मुलाखत दाखवली तेव्हापासून त्यांनी ‘सुकरामच्या पोरीले बोलवा’ असा धोशा लावला होता. शनिवारी मी आणि तिलक गेलो.

मला पाहताच म्हणाले, “तुह्या बापानं मले शपथ घातली होती. आज मोडून राहिलो. पाप लागन तर मले लागू दे.”

ते जे बोलले तसंच लिहिते.

“नाव उलटली तवा मी दुसऱ्या बाजूनं होतो. तुह्या बापाले पोहनं जेमतेम. त्यानं पोट्ट्याले एका हातानं कॉलरले धरलं होतं. आन् पोट्टी पोट्ट्याच्या हाताले लटकली होती. बापाच्या नाही बाई, भावाच्या. मनगटाले. दोन्ही हातानं. तिच्या वजनानं पोट्टं खाली जाये, पोट्ट्यासंगं बाप खाली जाये. तिघंही दोनदा बुडाले, दोनदा वर आले. मी वरडलो, आलो, आलो. तिसऱ्या खेपेले पोट्ट्याचे डोळे फिरलेले मी पाह्यलो. तवा त्यानं पोट्टीचे बोटं सोडवले. पोट्ट्याले उलट्या नावेवर फेकलं आन् तसाच वळला तिच्यासाठी. एवढाच वेळ गेला, बाई. एवढाच.” त्यांनी चुटकी वाजवली. “पोट्टी नव्हती तिथं.”

बाबा किती वेळा खाली गेले ते त्यांना मोजता आलं नाही. शेवटी तिघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. बाबा ओढणाऱ्यांना चावत होते, असं लीलाधरकाका म्हणाले. काठावर आल्यावर त्यांनी लीलाधरकाकांचे पाय धरले. “पोट्ट्याले सांगू नोको का ती त्याच्या हाताले होती. तो जगनार नाही मंग. माह्या हातून सुटली म्हन. सगळ्यायले तसंच सांगजो.”

तू पाहिलंस ते खरं होतं, भुपेंद्र. मोठा हात, आवळलेली बोटं, अंगठा आधी. फक्त ते मनगट कोणाचं होतं ते तू पाहिलं नाहीस.

तिथून मी सरळ कामठ्याला गेले. बाबा अंगणात होते. मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. म्हणाले, “लीलाधर बोलला काय?” मग म्हणाले, “भुपेंद्रले लिहू नोको.”

मी लिहिते आहे. मला माहीत आहे, ते पुन्हा तुलाच वाचवून राहिले. पण तू त्यांना साऱ्या जगासमोर बसवलंस आणि ते तिथं गप्प बसले. आता तुला माहीत असायला पाहिजे.

मंजूताई


मुंबई
१५ डिसेंबर २०२५

बाबा,

तुम्ही ताईला लिहू नकोस म्हणालात. तिनं लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

पत्र मला बारा तारखेला मिळालं. वाचून मी आरशासमोर जाऊन उभा राहिलो आणि डावं मनगट पाहत बसलो. नवेगावहून आल्यावर तिथं चार-पाच ओरखडे होते, आई रोज हळद लावायची. मी समजत होतो नावेची फळी लागली. आई म्हणाली होती, हो, फळीच लागली. म्हणजे तिला ठाऊक होतं. तुम्ही दोघांनी मिळून मला ती फळी दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या खेळाला गेलो. जायला नको होतं, पण पाय तिकडे गेले. हॉल भरलेला होता. समीक्षक, सिनेमाची मुलं, दोन प्राध्यापक. धरणाचं दृश्य आलं आणि मी पहिल्यांदा ते नीट पाहिलं, बाबा. त्यात मी तुमच्या जागी असा माणूस ठेवला होता जो स्वतःसाठी हात सोडतो. माझी जागा मी रिकामीच ठेवली होती. पंचवीस वर्षांत ते मला एकदाही खटकलं नाही.

नंतर एका मोठ्या समीक्षकानं मला मंचावर बोलावलं आणि म्हणाला, “या दृश्यातलं सत्य असह्य आहे. ते तुम्ही कसं गाठलंत?” मी माइक घेतला आणि म्हणालो, “हे दृश्य खोटं आहे. मी चूक पाहिलं होतं. ती मुलगी माझ्या हाताला लटकली होती. माझ्या वडिलांनी मला वाचवलं, आणि मी सगळ्या देशासमोर त्यांना भित्रा म्हणालो.”

आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून. एकजण खाली उतरताना माझा हात धरून म्हणाला, “काय जबरदस्त शेवट! तिसऱ्या भागात हेच घ्या.” मी हात सोडवून घेतला आणि बाहेर रस्त्यावर आलो.

वाहिनीला मी लेखी कळवलं आहे. त्यांनी ते दाखवलं, तेही ‘आणखी एक धक्का’ म्हणून. कामठ्यात कोणी पाहिलं की नाही मला माहीत नाही. केशोरावकाकांना मी वेगळं पत्र टाकतो आहे.

माफी मागायला शब्द नाहीत असं लोक लिहितात. माझा धंदाच शब्दांचा आहे, तरी नाहीत. मी येऊ का? तुम्ही हो म्हणाल तरच येईन. आणि एक विचारायचं आहे, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. तुम्ही मलाच का धरलं?

भुपेंद्र


कामठा
२२ डिसेंबर २०२५

चिरंजीव भुपेंद्र यास सुकरामचा आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. मी सातवीपर्यंतच शिकलो, अक्षर वाकडं हाये, समजून घेजो.

तू इचारलं का मलेच काऊन धरलं. मी निवडलो नाही रे. निवडाले वेळ नोहोता. नाव उलटली तवा तुही कॉलर हातात आली म्हनून तुले धरलो. रिंकीची वेनी हातात आली असती तर तिले धरलो असतो आन् तू गेला असता. मंग मी तिच्यापासून लपवलो असतो. एवढंच हाये, त्याच्यात मोठं काही नाही. बोटं सोडवलो तवा मनात होतं का याले नावेवर टाकतो आन् तिले पकडतो. ते झालं नाही. त्याचं मी पाहून घेतो, तुह्यावाला तो हिस्सा नाही.

तुह्या मायले मी त्याच दिवशी सांगतलो होतो. ती तीन महिने माह्यासंगं बोलली नाही. मंग एक दिवस तू आंगनात हासला, कायले ते याद नाही, तर ती घरातून आली आन् मले म्हने, “जेवाले चला.” मंग झालं.

केशोराव आलता. बोलला काही नाही, आपल्या वावरातल्या तुरीच्या शेंगा ठेवून गेला. गुड्डूच्या ठेल्यावर आता काही वाजत नाही. मंजू दर इतवारी येते, दुर्गेश्वरीले आनते. पोरगी लाडू खाते.

आता तुले एक सांगतो, हासजो नोको. तुहा सिनेमा मी पाच डाव पाह्यलो. मंजूले माहीत नाही. कामठ्याहून ऑटोनं जातो, दुपारचा खेळ पाहातो आन् येतो. सगळे म्हनतेत सिनेमा पडला. खरंच हाये, मागच्या बुधवारी हॉलात मी आन् दोन कॉलेजचे पोट्टे. डोअरकीपर भैय्यालाल मले म्हने, “काका, इतनी बेकार पिक्चर बार-बार काहे देखते हो?” मी म्हनलो, “मेरे बेटे ने लिखी है.” तर त्यानं मले पंख्याखालची खुर्ची देल्ली.

पन खरं कारन ते नाही. रिंकीचा आपल्याजवळ एकच फोटो होता, तो तुही माय गेली तवा तिच्यासंगं सरनावर देल्लो. तवापासून तिचं तोंड मले बरोबर याद येत नोहोतं. नाक येये तर डोळे येत नोहोते. तुह्या सिनेमातली ते पोरगी तशी दिसत नाही, पन चालते तशीच. धरनावर येते तवा वेनी तोंडात धरून येते, तसंच करे आपली रिंकी. हे तू याद ठेवलं. मी विसरलो होतो. म्हनून जातो. पहिल्या डावी ते पानी पाहून मले वाटलं का आता माहा जीव जाते. आता जात नाही. आता मी पान्याच्या आधी उठतो आन् बाहेर येऊन चहा पेतो.

शुक्रवारपासून तो सिनेमा उतरवला. दुसरा लागला, नाचगान्याचा.

तू ये. इचारतेस कायले, घर तुहंच हाये. धान झालं, आता कामाची घाई नाही. ओसरीवर निजू.

आन् एक काम करजो. ते पिवळ्या फ्रॉकवाली पोरगी कोनाची हाये, तिच्या मायबापाचा पत्ता तुह्याजवळ असन. पोरगी चांगली हाये. त्यायले माहा नमस्कार सांगजो आन् इचारजो, पोरीले पोहता येते का म्हून. येत नसन तर शिकवा म्हना, लवकर.

सुकराम